अनोळखी पाहुण्यांची ओळख

काल सायंकाळी इंदूरच्या आमच्या घरी नातेवाईक, शेजारी आणि कार्यालयातील सहकारी एकत्र जमले होते. त्यांतील बरेचजण एकमेकांना अनोळखी असल्यामुळे सर्वांनी मोकळेपणाने बोलावे, अशी माझी मनापासून इच्छा होती.

भिंतीलगत ओळीने मांडलेल्या खुर्च्या माणसांना जागीच खिळवून ठेवतात, म्हणून त्या आम्ही तीन-चारच्या गटांत मांडल्या. सहज रंगलेल्या एका संभाषणात साधारणपणे चारांहून अधिक माणसे टिकत नाहीत, असे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नोंदवले होते. गरम गराडू (तळलेल्या कंदाच्या मसालेदार फोडी) गच्चीवर आणि शिकंजी हे थंड पेय दिवाणखान्यात ठेवल्याने प्रत्येकाला उठावेच लागले.

सर्वांत उपयोगी ठरली ती ओळख करून देण्याची रीत. नाव आणि हुद्दा सांगून थांबण्याऐवजी, "आत्या, यांनीही गच्चीवर भाज्या लावल्या आहेत," एवढे म्हटले, आणि एरवी अबोल असणाऱ्या आत्या शेजारच्या माळवी काकूंशी मेथीच्या वाफ्यांविषयी हिंदीत कितीतरी वेळ बोलत राहिल्या. मला त्याचा फार आनंद झाला. गाण्यांचा आवाज मात्र पुढच्या वेळी आणखी कमी ठेवणार आहे, कारण ज्येष्ठांना गोंगाटात बोलणे नीट ऐकू येत नाही.