सोबतीचे मोजमाप

मुलांना स्वयंसेवक ताई-दादांची सोबत मिळवून देणाऱ्या उपक्रमांच्या अहवालांत ‘आत्मविश्वास वाढला’ हे वाक्य हमखास भेटते. पण तो सोबतीमुळे वाढला की मूल वर्षभराने मोठे झाल्यामुळे, हे तुलनेला दुसरा गट असल्याशिवाय सांगता येत नाही. अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या मुलांना असेच सोबती मिळवून देणाऱ्या संस्थेच्या कामावर १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला म्हणूनच मोलाचा वाटतो. प्रतीक्षायादी तिथे होतीच. संशोधकांनी १० ते १६ वर्षांच्या मुलांची सोडतीने विभागणी करून निम्म्यांना सोबती देण्याचे ठरवले, उरलेल्यांना थांबवले आणि दीड वर्षाने ९५९ मुलांच्या उत्तरांची तुलना केली. सोबतीच्या गटात अमली पदार्थांकडे नव्याने वळण्याची शक्यता ४६ टक्क्यांनी कमी आढळली; शाळा बुडवण्याचे प्रमाणही जवळपास निम्मे होते. विशेष म्हणजे या गटातील साधारण पाचातल्या एका मुलाला सोबती मिळालाच नाही, तरी त्याला हिशेबातून वगळले नाही. (अशी मुले गाळून आकडे देखणे करण्याचा मोह किती जणांना आवरेल, कोण जाणे.)

याच माहितीच्या २००२ मधील पुनर्विश्लेषणात वर्षाहून अधिक टिकलेल्या जोड्यांत सर्वाधिक लाभ दिसला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतील मुलांच्या मनातली स्वतःची किंमत उलट घटलेली आढळली. त्यामुळे ‘इतक्या मुलांना सोबती दिले’ हा आकडा मला फसवा वाटतो. किती जोड्या वर्षभर टिकल्या आणि तुटलेल्या कशामुळे तुटल्या, याची नोंद देणगीदारांनी आधी मागावी.