बाबांच्या लिव्हरचं ऑपरेशन: दुर्बिणीनं की उघडून?

आमच्या गावात 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हटलं की कुटुंब नियोजनाचं शिबिरच आठवतं. बाबांच्या लिव्हरमधल्या गाठीसाठी मी दुर्बिणीचं काढलं, तर तेच म्हणाले, "ते तं बायकायचं असते वं!"

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. तालुक्याला तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्याच चालल्या. तो राग अजून गेला नाही. नागपूरला तीन फेजचा सीटी स्कॅन आणि एएफपीची, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरची खूण शोधणारी, रक्ततपासणी झाली, तेव्हा कॅन्सर कळला. मुळाशी हेपॅटायटिस बी. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, ज्यांना लागण नव्हती त्यांना लस दिली. योजनेचे कागद भावानं सांभाळले.

कापूस वेचणीला आला होता. बाबा लवकर उठावेत म्हणून माझा हट्ट दुर्बिणीचाच. सर्जननी फाईलच्या मागं लिव्हरचं चित्र काढलं, त्याचे आठ भाग पाडले. "गाठ डावीकडे, दुसऱ्या-तिसऱ्या भागात असती तर दुर्बिणीनंच केलं असतं. ही सातव्यात आहे, वर, मागच्या अंगाला, मोठ्या शिरेला लागून. तिथं रक्त फुटलं तर आवरायला हात लागतो."

"मग उघडून केलं की कॅन्सर जास्त चांगला निघतो?"

"तसं नाही. पेशंट नीट निवडला तर कॅन्सरच्या बाबतीत दोन्हींचा निकाल साधारण सारखाच. दुर्बिणीत दुखणं कमी, दवाखान्यातले दिवस कमी. पण मध्येच रक्त आवरेना झालं, तर तिथंही पोट उघडावंच लागतं."

बाबा एवढंच म्हणाले, "उघडा. दिसलं पाहिजे तुमाले."

शेजारच्या खाटेवर वणीकडचे एक काका होते. गाठ डावीकडची, म्हणून दुर्बिणीनं झालं. चार-पाच छिद्रं, आणि कापलेला तुकडा पिशवीत घालून ओटीपोटावरच्या चिरेतून बाहेर. पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो, एवढीच त्यांची तक्रार. पाचव्या दिवशी ते घरी गेले. खरं सांगते, मला हेवा वाटला. बाबांना उजव्या बरगडीखाली लांब चीर, पाठीत दुखण्याच्या औषधाची नळी. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची. सुट्टी अकराव्या दिवशी.

तीन महिन्यांनी सीटी आणि एएफपी पुन्हा केलं, दोन्ही ठीक. वजन उचलायला अजून मनाई होती, म्हणून बाबा धुऱ्यावर बसून वेचणीची मजुरी लिहीत. मावशी भेटायला आली. "दुर्बिणीचं तं एवढुसं असते, पाहू!" बाबांनी सदरा वर केला. मावशीनं तोंडाला पदर लावला.

"माह्यं उघडून झालं," बाबा म्हणाले, आणि पुढच्या बाईचे किलो विचारले.