तुम्ही विचारलंत म्हणून: मिळाला का पाळक?

लग्नात भेटा, मयतीत भेटा, एसटी स्टँडवर भेटा, पुण्या-नाशिककडचे आमचे ख्रिस्ती पाहुणे 'जय ख्रिस्त' म्हणून झालं की लगेच विचारतात, "काय गुरुजी, मिळाला का पाळक?" घरात लग्नाची मुलगी आहे आणि स्थळ जुळत नाही, असा सूर असतो. शाळेतले जुने सहकारी थोडं वेगळं विचारतात: "तुमच्या चर्चला फादर का नाही?" त्यांना आधी सांगावं लागतं की फादर कॅथलिकांचे; आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात असतो तो पाळक. त्यांचा नाशिक धर्मप्रांत 1987 पासून आहे, आमचा नंदुरबार जिल्हा त्यातच येतो, आणि कोणाला कुठे पाठवायचं ते बिशप ठरवतात. आमच्यात मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे सभासद मिळून, पाळकाला बोलावते आणि मंडळीच त्याला पोसते. म्हणजे, पोसायचं असतं.

मी मूळचा अमळनेरकडचा, घरात अहिराणी. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नवापूर तालुक्यात आलो, इथेच निवृत्त झालो. गेली अकरा वर्षं बहुतेक रविवारी चर्चमध्ये संदेश, म्हणजे प्रवचन, मीच देतो. शनिवारी रात्री जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पाठीवर मुद्दे काढतो आणि सकाळी ते घरीच विसरतो. माझी दीक्षा झालेली नाही, त्यामुळे प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस देण्याचा विधी) आणि बाप्तिस्मा माझ्या हातून होत नाही. त्यासाठी सात गावं सांभाळणारे एक पाळकसाहेब मोटारसायकलवर येतात, महिन्या-दीड महिन्यातून एकदा. मे महिन्यात तेही जमत नाही, कारण लग्नं. एकदा आमच्याकडे बुधवारी मयत झाली तेव्हा ते साक्रीकडे लग्न लावत होते. लग्नाला वऱ्हाड थांबवता येतं, उन्हाळ्यात मयताला थांबवता येत नाही. प्रार्थना मी केली, माती दिली, आणि नंतर मंडळीचा कारभार बघणाऱ्या दोन पंचांनी बाजूला घेऊन विचारलं, "हे चालतं का, गुरुजी?"

"हल्लीच्या पोरांना सेवेची ओढ राहिली नाही," हे उत्तर मीही बरीच वर्षं दिलं. सोपं पडतं. त्यात आपल्याकडे दोष येत नाही.

पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. 1949 पासून त्याचंच नाव द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन. मिशनच्या काळात पगारी उपदेशक असत, पगारी बायबलबाया असत, आणि पगाराचा पैसा बाहेरून येई. मग मिशनरी गेले, पगार गेला. राहिली ती मंडळीची सवय, की पाळक आपल्याला आयता मिळतो.

वार्षिक सभेत पाळकाच्या मानधनाचा विषय निघाला की कोणीतरी उठून कवी रेव्हरंड टिळकांचं उदाहरण देतंच. ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, हे खरंच आहे. पण टिळकांनी सोडला तो मिळत असलेला पगार. आमच्या पाळकाकडे सोडायला काय आहे? दुसरा उठतो आणि बायबलातला प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत होता म्हणतो. मग सभा चहाला उठते.

आता अर्पण किती जमतं ते ऐका. नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे, बाहेरचे लोक तिथल्या बाकड्यावर फोटो काढतात. आमच्या मंडळीचंही तसंच आहे. दिवाळी झाली की निम्मी मंडळी मुकादमाची उचल घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जाते, ती थेट उन्हाळ्यातच परतते. मागे राहतात म्हातारे, शाळकरी पोरं आणि आम्ही चार पेन्शनवाले. अर्पणाची पिशवी फिरते तेव्हा तिच्यात नाण्यांचाच आवाज जास्त. त्या पिशवीवर कोणाचं घर चालवायचं?

तरी एकदा एक तरुण आला होता. पदवी घेतलेला, स्वभावाने गोड. आमच्याकडे मराठीतून शिकून पाळक होणारे आहेत, पण मंडळ्यांना हवी असते मोठ्या सेमिनरीची पदवी, आणि ते शिक्षण इंग्रजीतून. युनियन बिब्लिकल सेमिनरीसारखी संस्था 1953 साली यवतमाळला सुरू झाली, तीही 1983 साली पुण्याला गेली. चार-पाच वर्षं असं शिकलेला मुलगा परत येतो तेव्हा त्याची वाक्यं बदललेली असतात. ह्या तरुणाने पहिल्या रविवारी पाऊण तास 'कृपेची संकल्पना' समजावली. समोर निम्मे लोक मावची, म्हणजे इथली आदिवासी भाषा, बोलणारे. उपासना सुटल्यावर आमचे धुळ्याकडचे एक बाबा, रेल्वेतले निवृत्त गँगमन, माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "बठ्ठं आयकं गुरुजी, पन काहीच समजनं नही."

तो चौदा महिने टिकला. पाळकाच्या घराचा पत्रा गळत होता, तो बदलायचा ठराव दोनदा झाला, पत्रा एकदाही आला नाही. बायकोचं बाळंतपण झालं आणि तो नाशिकला नोकरीला लागला. मी त्याला दोष देत नाही. उलट तो गेल्यावर महिनाभरात पत्रा बदलला, तेव्हा मलाच लाज वाटली. आता ते घर कोरडं आहे आणि कुलूपबंद आहे.

पण माझं मत बदललं ते वेगळ्याच ठिकाणी. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी बारडोलीकडच्या एका पडावावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या मुक्कामावर, गेलो, आमची माणसं भेटायला. अंधार पडला होता, बाया भाकरी थापत होत्या, सगळीकडे पाचटाचा वास. आमच्याच गावातल्या एक आजी चुलीपुढे बसून हरवलेल्या नाण्याची गोष्ट सांगत होत्या, मावचीतून. मला मावची अजूनही ऐकण्यापुरतीच येते. शुभवर्तमानात त्या बाईकडे दहा नाणी असतात. आजींच्या गोष्टीत उचलीचे पैसे होते, पदराच्या गाठीत बांधलेले, आणि त्यातली एक नोट पालात पडलेली. खाली पाचट अंथरलेलं. बाई दिवा घेऊन पात न् पात उचलून बघते. आजी हाताने खालचं पाचट खरंच बाजूला सारत होत्या. भाकरी थापणारी एक पोरगी थांबली, तव्यावरची करपायला लागली, आणि ती विचारते, "मग सापडली?"

आजी लगेच बोलल्या नाहीत. आधी तिला भाकरी उलटायला लावली.

अकरा वर्षांत माझ्या संदेशाच्या मध्ये कोणी "मग पुढे?" असं विचारलेलं नाही. घड्याळाकडे बघितलेलं आहे.

त्या आजींना वाचता येत नाही. गोष्टी त्यांनी आईकडून ऐकल्या. वर्षाचे पाच-सहा महिने त्या पडावावर रोज संध्याकाळी प्रार्थना घेतात, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात, भांडणं मिटवतात. गावात आल्या की बायकांच्या बाजूला शेवटच्या सतरंजीवर बसतात आणि माझं ऐकतात. पडावावर असं बोलणारे आणखी दोघं-तिघं आहेत, एक तर विशीतला टोळीवाला पोरगा. मंडळीच्या वहीत त्यांच्यापैकी कोणाच्याही नावापुढे 'उपदेशक' लिहिलेलं नाही. तिथे 'जागा रिक्त' लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

दीक्षित पाळक नको, असं माझं म्हणणं नाही. प्रभुभोजनाला सहा-सहा आठवडे वाट बघणं बरं नव्हे, आणि शास्त्र नीट शिकलेला माणूस नसला की काय वाटेल ते शिकवणारेही शिरतात. आमच्याकडे एकजण औषधं बंद करा म्हणून सांगून गेला, ते निस्तरायला वर्ष गेलं. पण एकाच माणसाने पदवी आणायची, इंग्रजी पत्रं लिहायची, सात गावं फिरायची, गळक्या घरात राहायचं आणि वर मावचीत बोलायचं, असा माणूस आम्ही शोधतोय. तो नाही मिळायचा. बोलणारे मात्र आहेत. त्यांना पुढे बोलवायचं कोणी, एवढंच अडलंय.

ह्या उन्हाळ्यात आजी परतल्यावर मी त्यांना विचारलं. आधी हसल्या. मग दोन अटी घातल्या: व्यासपीठावर चढणार नाही, खाली बसूनच बोलणार, आणि शास्त्रपाठ मी वाचायचा. येत्या रविवारचं ठरलंय. पाठ लूकचा पंधरावा अध्याय, तीच हरवलेल्या नाण्याची गोष्ट.

पंचांना अजून सांगितलेलं नाही.