पिशवीतल्या पांढऱ्या कळ्या

रुग्णालयातून आलेल्या पिशवीवर डॉक्टरांनी घाईत लिहिलेली चिठ्ठी होती. ‘काल रात्री आठला खाल्लं. पहाटे सहाला उलट्या-जुलाब सुरू. अळंबीच्या उरलेल्या कच्च्या कळ्या सोबत पाठवतो.’

आमच्या कवक प्रयोगशाळेत अशा पिशव्या अधूनमधून येतात. बहुतेक वेळा आत शिजलेला लगदा असतो आणि त्यावरून काही सांगणं म्हणजे अंधारात तीर मारणं. या वेळी कळ्या कच्च्या होत्या, काहींच्या बुडाला माती होती आणि सगळ्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. प्लास्टिकमध्ये अळंबी फार लवकर चिकट होते, मग खुणा शोधायच्या कुठे? ज्याने कोणी कागद वापरला त्याला मी मनातल्या मनात धन्यवाद दिले.

पण पिशवी उघडण्याआधी मी चिठ्ठीतल्या दोन वेळा पुन्हा वाचल्या. आठ आणि सहा. मध्ये दहा तास. पोट बिघडवणाऱ्या बऱ्याचशा अळंब्या दोन-तीन तासांतच त्रास द्यायला लागतात. यकृत खाणारं अमाटॉक्सिन हे विष मात्र सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, गप्प बसतं. म्हणून अशा प्रसंगी पहिला पुरावा अळंबीत नसतो, घड्याळात असतो. त्यातही एक मेख आहे. एकाच जेवणात दोन जातींची सरमिसळ झाली, तर एकीचा लवकरचा त्रास दुसरीचा उशिराचा त्रास झाकून टाकतो.

पिशवी घेऊन रुग्णाचा धाकटा भाऊ आला होता. “मॅडम, दादाने नेटवर बघूनच केलं होतं सगळं,” तो म्हणाला. दादा या छंदात अगदी नवखा. नवशिक्याने पफबॉलपासून सुरुवात करावी, कारण त्यांना छत्री नाही, छत्रीखालच्या पातळ पट्ट्या म्हणजे कल्ले नाहीत, आतून नुसता पांढरा गर असतो, असं त्याने वाचलं होतं. कापून बघा, हेही वाचलं होतं. त्याने दोन कापल्या. दोन्ही आतून एकजिनसी पांढऱ्या निघाल्या. मग बाकीच्या न कापता तशाच धुऊन भांड्यात टाकल्या.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. भाताच्या बाबतीत ती चालते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यातली असतात. झाडाखाली शेजारी शेजारी उगवलेल्या दोन पांढऱ्या गोळ्यांचं एकमेकांशी काही नातं असेलच असं नाही.

पिशवीत अकरा होत्या, दोन ते चार सेंटिमीटरच्या. माझी सहाय्यक म्हणाली, “मॅडम, सगळ्या सारख्याच तर दिसताहेत.” बाहेरून खरंच सारख्या होत्या. मी एकेक घेऊन डोक्यापासून बुडापर्यंत, बरोबर मधून, उभी कापत गेले. आडवी कापली तर आतली आकृती निसटू शकते, म्हणून उभीच. पहिल्या सहा भरीव, पांढऱ्या. ना रेघ, ना पोकळी.

सातवीत चित्र होतं.

बाहेर जाडसर आवरण आणि त्याच्या आत घडी घालून ठेवलेली अख्खी अळंबी. वर छत्रीची कमान, तिच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या बारीक रेघा, मध्ये आखूड देठ, खाली फुगलेलं बूड. उरलेल्या चारही तशाच निघाल्या. त्यातली सगळ्यात लहान मात्र मला भिंगाखाली, दिवा तिरका धरून पाहावी लागली, कारण तिच्यात कमानीची रेघ केसाइतकीच होती. घाईत कोणीही तिला भरीव समजलं असतं. दुर्गंधी येणाऱ्या स्टिंकहॉर्न अळंबीची अंडीही अशीच गोल असतात, पण त्यांच्यात सालीखाली पारदर्शक चिकाचा थर असतो आणि आतला भाग हिरवट दिसतो. तसं इथे काही नव्हतं.

मी तेवढ्यावरच डॉक्टरांना फोन केला. अमानिटा, म्हणजे अमाटॉक्सिनवाल्या जीवघेण्या अळंब्या ज्यात मोडतात तो गट, असण्याची दाट शक्यता आहे, वेळही तेच सांगतेय, माझ्या अंतिम उत्तरासाठी थांबू नका. त्यांनी सलाइन आणि यकृताला आधार देणारं ॲसिटिलसिस्टीन आधीच सुरू केलं होतं. सिलिबिनिन हे या विषावर दिलं जाणारं औषध मागवायला सांगितलं होतं. “नक्की कधी सांगाल?” त्यांनी विचारलं.

इथेच कळीची अडचण असते. नवशिक्यांना शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक खुणा उमललेल्या अळंबीच्या असतात. बीजाणूंचा ठसा घ्यायला छत्री उघडलेली हवी. देठावरचं कडं आतल्या पडद्यातून बनतं, तो पडदा अजून फाटलेलाच नसतो. कल्ल्यांच्या रंगावर तर विसंबूच नये. ॲगॅरिकस, म्हणजे बाजारातल्या बटन मशरूमचा गट, त्याचे कल्ले पुढे गुलाबी आणि मग चॉकलेटी होतात, पण अगदी कोवळेपणी फिकेच असतात. पोट बिघडवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीसचे पुढे हिरवट होणारे कल्लेही सुरुवातीला पांढरेच. म्हणजे चित्र दिसलं, तरी ते कोणाचं, हा प्रश्न उरतोच. अमानिटाच्या बुडाशी आवरणाची पिशवी उरते, ती बघून तो सुटला असता, पण दादाने काही कळ्या चाकूने जमिनीलगत कापल्या होत्या आणि ज्यांना माती होती त्यांचं बूड चिखलात रगडलं गेलं होतं.

सहाय्यकेने वर्तमानपत्राच्या कागदाची चाचणी सुचवली. कागदावर अळंबीचा रस, तो वाळला की वर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब, निळं आलं तर अमाटॉक्सिन. मला ही चाचणी आवडत नाही. विष नसतानाही कधी कधी निळं येतं, आणि निळं आलं नाही म्हणून कोणाला घरी सोडायची माझी हिंमत नाही.

मी सूक्ष्मदर्शकाकडे वळले. कल्ल्यांचा पातळ आडवा काप घेतला, काँगो रेडने रंगवला. ॲगॅरिकसमध्ये कल्ल्याच्या गाभ्यातले तंतू साधारण एकमेकांना समांतर जातात. अमानिटात ते मधल्या पट्टीपासून दोन्हीकडे फाकतात. आमच्या कापात ते स्पष्ट फाकलेले होते, आणि ही खूण कोवळ्या अळंबीत जितकी नीट दिसते तितकी जून अळंबीत दिसत नाही. ज्या वयाने कडं, ठसा, रंग सगळं दडवलं होतं, त्याच वयाने हे उघड केलं. देठात लांबट, गदेसारख्या फुगीर पेशीही सापडल्या. त्याही अमानिटाच्याच. मी डॉक्टरांना पुन्हा फोन केला आणि ‘शक्यता’ हा शब्द काढून टाकला. नेमकी जात सांगता येणार नाही, पण आहे अमानिटाच, घातक गटातली धरूनच चला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ सहाय्यकेला घेऊन त्या जागी गेला. आदल्या दिवशीच्या कळ्या आता उमललेल्या होत्या. त्यात आश्चर्य नाही, कारण अळंबीच्या बहुतेक पेशी कळीतच तयार असतात आणि पाणी शोषून त्या नुसत्या फुगतात. सहाय्यकेने खुरप्याने खोल खणून अख्ख्या अळंब्या आणल्या. पांढरी छत्री, देठावर लोंबतं कडं, मातीत रुतलेली बुडाची पिशवी. संध्याकाळपर्यंत काळ्या कागदावर पांढरा ठसा उतरला आणि मेल्झरच्या आयोडीनयुक्त द्रावणात बीजाणू निळसर-करडे झाले, घातक अमानिटाशी जुळणारे.

त्याच सकाळी रुग्णाला बरं वाटायला लागलं होतं. उलट्या थांबल्या, भूक लागली, घरी जातो म्हणून हट्ट सुरू. अमाटॉक्सिनच्या विषबाधेत हा फसवा उतार ठरलेला असतो. वर सगळं शांत आणि आत यकृताच्या पेशींमधलं, जनुकांतला मजकूर उतरवून घेणारं एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज, अडवलं गेलेलं, म्हणजे नवी प्रथिनं बनणं बंद. शिजवल्याने हे विष जात नाही. डॉक्टरांनी त्याला हलू दिलं नाही. त्या रात्री यकृताची एन्झाइम्स झपाट्याने चढली, प्रत्यारोपण केंद्राशी बोलणं झालं, पण ती वेळ आली नाही. आकडे चढायचे थांबले आणि मग हळूहळू उतरले.

घरी गेल्यावर त्याने स्वतःच मला फोन केला. आवाज अजून थकलेला होता. विष कोणतं, किती, यातलं त्याने काहीच विचारलं नाही.

“मॅडम, त्यातल्या सहा तरी पफबॉल होत्या ना?”

“होत्या.”

“म्हणजे मी कापलेल्या दोन बरोबर होत्या.”

“अगदी बरोबर होत्या.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग बाकीच्यांचं काय केलं, असं त्याने विचारलं. वाळवून ठेवल्यात, मी सांगितलं. दोन वेगळी पाकिटं, नावं वेगळी. ठिकाण, झाड आणि तारीख दोन्हींवर एकच.