स्टिरिओग्राम सराव-नोंद : तीन ठिपके दिसतात, पण चित्र उठत नाही

स्टिरिओग्राम म्हणजे सपाट दिसणारं, पुन्हा पुन्हा येणाऱ्या उभ्या पट्ट्यांचं चित्र; नजर ठरावीक तऱ्हेने जुळली की त्यातून खोली असलेली आकृती उठते. चित्राच्या वर खुणेचे दोन ठिपके असतात. मागच्या टप्प्यात त्या दोन ठिपक्यांचे तीन करून मधला ठिपका स्थिर ठेवण्यापर्यंत मजल आली. आता त्यापुढची अडचण : वर तीन ठिपके दिसतात, नजर खाली चित्रावर नेली की सगळं पुन्हा सपाट. बहुतेक जण इथेच अडकतात आणि त्यांना "नजर सैल सोडा" एवढंच सांगितलं जातं. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

डोळे एकाच वेळी दोन कामं करतात : दोन्ही बुबुळं एका बिंदूकडे वळवणं आणि फोकस करणं. एरवी ही कामं जोडीनेच होतात. स्टिरिओग्राम पाहण्याच्या समांतर पद्धतीत मात्र नजर कागदाच्या पलीकडे आणि फोकस कागदावर, अशी ती वेगळी करावी लागतात. नजर पलीकडे गेली की फोकस तिच्या मागे जातो, ठिपके धूसर होतात, आणि धूसर दिसताच डोळे आपसूक कागदावर परततात. म्हणून फोकसची सोय आधी लावावी.

उजेड भरपूर घ्या. बाहुली आकसली की धूसरपणा कमी होतो. अंधुक खोलीत बसून सराव करणं म्हणजे उगाच कष्ट. चष्म्याचा नंबर उणे अडीचच्या आसपास असेल, तर चष्मा काढून कागद ४० सेंमीवर धरा. तेवढ्या अंतरावर डोळ्याला फोकससाठी जोर लावावा लागत नाही. ज्यांना वाचायचा चष्मा आहे त्यांनी तो लावूनच बसावं, कारण तेच.

आता सरावपट्टी. आडव्या कागदावर तीन ओळी, प्रत्येकीत सहा ठिपके. मधल्या ओळीत ठिपक्यांतलं अंतर ३० मिमी, वरच्या ओळीत २९, खालच्या ओळीत ३१. तिन्ही ओळी मध्यावर जुळवा. प्रिंट काढताना "पानात बसवा" हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर मापं बिघडतात; मोजपट्टीने मोजून खात्री करा. मधली ओळ जुळली की सहाऐवजी सात ठिपके दिसतात. टोकाचे दोन एकेकाच डोळ्याला दिसतात, ते सोडून द्या. मग नजर तशीच ठेवून वरच्या ओळीकडे लक्ष न्या : ती पुढे आलेली दिसली पाहिजे. खालची मागे गेलेली.

हिशेब असा : दोन बाहुल्यांतलं अंतर ६३ मिमी आणि कागद ४० सेंमीवर असेल, तर ३० मिमीची ओळ कागदामागे सुमारे ३६ सेंमीवर जाते. वरची ओळ तिच्यापेक्षा साधारण २२ मिमी पुढे, खालची २४ मिमी मागे. मिलिमीटरभराच्या फरकातून एवढी खोली मिळते, त्यामुळे सुरुवातीलाच ३-४ मिमी फरक ठेवायची घाई नको. तेवढ्या फरकाला मेंदू ओळ जुळवत नाही, ती दुहेरी दिसते. १ मिमी पक्कं झालं की २ करा.

वरची ओळ पुढे येण्याऐवजी मागे गेली तर तुम्ही डोळे आत वळवून, म्हणजे तिरळे करून, पाहताय. ही पद्धतही चालते, फक्त उठाव उलटा होतो : फुगीर आकृतीच्या जागी खड्डा दिसतो. बाजारातली बहुतेक चित्रं समांतर नजरेसाठीच बनवलेली असतात.

फसवणारा प्रकार वेगळाच आहे. आकृती उठल्यासारखी वाटते, पण कडा दुहेरी आणि आकार ओळखू येत नाही. इथे नजर चित्रातला शेजारचा पट्टा सोडून त्याच्या पुढच्या पट्ट्यावर जुळलेली असते. वरच्या खुणेच्या ठिपक्यांतलं अंतर पट्ट्याएवढंच असेल, तर खात्री सोपी : तीन दिसले तर बरोबर, समान अंतरावर चार दिसले तर नजर फार लांब गेली. कागद हळूहळू जवळ-लांब करण्यात वेळ घालवू नका. नजर पूर्ण मोडा आणि खुणेपासून पुन्हा सुरू करा.

मोबाइलवर हा घोळ जास्त होतो, कारण पट्टे सेंटीमीटरभरच उरतात आणि चुकीच्या पट्ट्यावर जुळणं सोपं जातं. मोठ्या मॉनिटरवर उलट : पट्टा ६३ मिमीहून रुंद झाला की डोळे बाहेरच्या बाजूला वळवावे लागतील, आणि ते बहुतेकांना जमत नाही. चित्र लहान करा. मान तिरकी असली तरीही जुळणी सुटते, कारण फरक फक्त आडव्या दिशेत असतो. चित्र उलटं धरलं तरी उठतं, पण ९० अंशांत फिरवलं की संपलं.

ठिपक्यांच्या गर्दीत एका डोळ्याला काहीच सुगावा लागत नाही, हे संशोधक बेला युलेश यांनी १९६० मध्ये जोडचित्रांतून (प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं चित्र) दाखवलं. क्रिस्टोफर टायलर यांनी १९७९ मध्ये तेच एका चित्रात बसवलं. म्हणून अशा चित्रात आकृती "शोधत" नजर फिरवण्यात अर्थ नाही. जुळणी धरून चित्राच्या मध्यावर थांबा. आधी नुसता एक उंचवटा जाणवतो, कडा काही सेकंदांनी धारदार होतात. त्यानंतरच नजर कडेने फिरवा, आणि सावकाश.

सगळं नीट करूनही तीन ठिपके कधीच दिसत नसतील, तर एका डोळ्याचं चित्र मेंदू दाबत असू शकतो. तिरळेपणा किंवा मंददृष्टी असेल तर असं होतं. सराव वाढवण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. डोकं जड झालं की तिथेच थांबा.

पुढचा टप्पा : १ मिमीचीच पट्टी, पण कागद ४० वरून ६० सेंमीपर्यंत नेताना जुळणी न सोडणं.