तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला फौजेत घालू का?

एनडीएचे, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीचे, फॉर्म निघाले की कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कुणीतरी जिन्यात गाठतंच. "कर्नलसाहेब, पोराला घालू का फौजेत?" आता पोरींचे आईबापही विचारतात, खडकवासल्यात 2022 पासून मुलीही आहेत.

विचारणाऱ्याच्या मनात दोनच गोष्टी असतात, गोळी आणि कॅन्टीन. कॅन्टीनसाठी कुणी फौजेत जाऊ नये, तेवढी स्वस्ताई डी-मार्टातही मिळते. गोळीचं तुमचं तुम्ही ठरवा, तिथे माझ्या सल्ल्याला अर्थ नाही.

मिळतं ते असं: बाविशी-तेविशीत पोरगा एका प्लाटूनचा, म्हणजे तीसेक माणसांचा, प्रमुख होतो. हाताखालचा सुभेदार बापाच्या वयाचा, तरी सॅल्यूट तोच ठोकतो. पोरगं शहाणं असेल तर निमूटपणे त्याच्याकडून शिकतं. हिंजवडीत त्या वयाला एवढी माणसं कुणी सोपवत नाही. पुढे पेन्शन आहे, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेमुळे म्हातारपणी दवाखान्याची धास्ती नाही.

जातं काय, ते खरं तर आमच्या हिला विचारायला हवं. फील्ड पोस्टिंगला, म्हणजे सीमेकडच्या नेमणुकीला, कुटुंब नेता येत नाही. मी वर, ही वानवडीच्या क्वार्टरमध्ये मुलांचे ताप आणि गॅसचे नंबर सांभाळत. पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंबासह राहता येईल अशी नेमणूक, मिळालं की नवं गाव, तिची नवी शाळा. बी.एड. होती, शिकवायचीही छान. पण रुळेपर्यंत माझी बदली. तिच्या बायोडेटात शाळांचीच नावं दोन पानं. मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला, "इथे तरी टिकणार ना?" ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. ती एकाही शाळेत भरली नाहीत. पेन्शन माझं आहे, तिचं काही नाही.

बाकी थोडक्यात. कर्नल 54 व्या वर्षी घरी येतो, जवान तर पुष्कळदा चाळिशीच्या आतबाहेर. आयटी कंपन्यांच्या गेटवर उन्हातही कडक इस्त्रीत उभे दिसतात ते बरेचसे हेच. शॉर्ट सर्व्हिसला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अधिकारीपदाला, दहा ते चौदा वर्षं आणि पेन्शन नाही. अग्निवीर चार वर्षं, त्यातून चौघांत फार तर एक पुढे. तेव्हा पोरगा कुठल्या दाराने आत जातोय ते आधी नीट बघा.

मी विचाराल तर परत जाईन. पण पोराचं लग्न ठरवाल तेव्हा ग्रॅच्युइटीची गोष्ट मुलीकडच्यांना आधीच सांगा.