दुनळीच्या दस्त्यावरचे पोचे वाफेनं काढताना

आधी नख फिरवलं. नख अडकलं तर लाकडाचे तंतू तुटलेत, ती खोक. तिथे वाफ काही करत नाही. नख अलगद खड्ड्यात उतरून वर आलं तर तंतू नुसते दबलेत, पाणी आणि उष्णता मिळाली की फुगतात. बारा बोरच्या जुन्या दुनळी बंदुकीच्या अक्रोडी दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागावर, असे पाच पोचे निघाले आणि एक खोक. खोक तशीच ठेवली.

बंदूक रिकामी असल्याचं दोनदा पाहून दस्ता परवानाधारक कारागिराकडून सोडवून घेतला. सुताराच्या हाती द्यायचं ते फक्त लाकूड, बंदूक नव्हे. मागची एबोनाइटची (कडक रबराची) पट्टीही काढली, ती उष्णतेनं वाकते.

दिवा आडवा धरून पोच्यांभोवती पेन्सिलीनं खुणा केल्या. वरचं जुनं तेल आणि मेण टर्पेंटाइननं पुसलं, नाहीतर पाणी आत जातच नाही. प्रत्येक पोच्यावर पाण्याचा थेंब ठेवून वीस मिनिटं थांबलो. उथळ दोन तेवढ्यावरच वर आले.

उरलेल्या तिघांना इस्त्री. धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या पंचाची दुहेरी घडी ओली करून पिळली (रंगीत फडक्याचा रंग लाकडात उतरतो), इस्त्री सुती कपड्याच्या खुणेवर, आणि तिचं टोक पोच्यावर तीन-चार सेकंद. चर्र आवाज थांबायच्या आत उचलायची. फडकं कोरडं पडलं की लाकूड करपतं. पुन्हा ओलं, पुन्हा टोक. चौथ्या-पाचव्या वेळी पोचा सपाट झाला. चेकरिंगवर (पकडीसाठी कोरलेल्या चौकड्यांच्या जाळीवर) मात्र इस्त्री नेली नाही, तिथले टोकदार कंगोरे फुगून बोथट होतात. रिव्हॉल्व्हरची मूठ शिंगाची किंवा हस्तिदंती असेल तर वाफेचं नावही काढू नये. लाखेचं पॉलिश असेल तर वाफेनं पांढरट डाग पडतो, म्हणून तिथे आधी पॉलिश उतरवावं लागतं.

घाई झाली ती वाळवण्यात. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो; पंचगंगेचं पाणी चढलेलं असताना कोल्हापुरात तीन दिवसही कमी पडतात. ओल असताना घासलं तर लाकूड वाळून तिथे खळगा दिसतो. मला एक पोचा त्यामुळे दुसऱ्यांदा काढावा लागला.

वाळल्यावर उभे राहिलेले तंतू ३२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिशपेपरनं, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, हलक्या हातानं घासले. लोखंडाला लागून असलेल्या कडेला पेपर लावलाच नाही. तिथलं लाकूड धातूपेक्षा खाली गेलं की भरून येत नाही. ओल्या अक्रोडावर स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा पुंजका) तर मुळीच नको, त्याच्या कणांनी काळे ठिपके उठतात.

शेवटी उकळलेलं जवसाचं तेल, तळहातानं चोळून, पंधरा मिनिटांनी पुसून. चोवीस तासांच्या अंतरानं तीन हात. खोबरेल कितीही चमकलं तरी सुकत नाही, धूळ धरतं. तेलाची फडकी बोळा करून टाकली नाहीत, ती आपोआप पेटतात. दोरीवर एकेक पसरून वाळवली.